पुण्यात फुकट डिजिटल टीव्ही: अँटेना लावायचा की छत्री?

महिन्याचं रिचार्ज बंद करून फुकट दिसणाऱ्या वाहिन्यांवर भागवायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो तो हा: टीव्हीला अँटेना जोडायचा की गच्चीवर छत्री, म्हणजे उपग्रहाची डिश, बसवायची? बाजारात दोन्ही मिळतं. ऑनलाइन तर दोनशे-तीनशे रुपयांचे सपाट ‘डिजिटल अँटेना’ शेकडो वाहिन्यांच्या आश्वासनासह विकले जातात. ही आश्वासनं परदेशातल्या प्रक्षेपणाच्या हिशोबाने लिहिलेली असतात. तिकडे शहरातल्या मनोऱ्यांवरून डझनावारी वाहिन्या मोकळ्या सोडलेल्या असतात, आपल्याकडे तसं नाही.

माझं मत आधीच सांगतो. पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधल्या जवळजवळ सगळ्या घरांनी छत्रीच लावावी. आणि छत्री जमेल की नाही हे एकाच गोष्टीवर ठरतं: तुमच्या गच्चीवरून, बाल्कनीतून किंवा भिंतीवरच्या एखाद्या जागेवरून आग्नेयेचं आकाश, क्षितिजापासून साधारण ५९ अंश वर, मोकळं दिसतं का. कुठला बॉक्स, कुठली केबल, किती खर्च हे सगळं त्यानंतर.

सिंहगडावरचा मनोरा आणि आजचा अँटेना

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे ते पुण्यात दिसू लागलं. शहराच्या मध्यापासून गड सरळ रेषेत वीसेक किलोमीटर, उंची तेराशे मीटरच्या आसपास. त्यामुळे पेठांपासून हडपसरपर्यंत प्रत्येक गच्चीवरचा आडव्या दांड्यांचा अँटेना नैर्ऋत्येला तोंड करून उभा असे. ते प्रक्षेपण अ‍ॅनालॉग होतं. दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीने देशभरातले असे प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने बंद केले. सीमाभागातले आणि बेटांवरचे मोजके सोडले, तर मार्च २०२२ अखेर हे काम संपवायचं वेळापत्रक होतं. जुना अँटेना अजून गच्चीवर शाबूत असेल, तरी त्याच्या भरवशावर राहू नका.

जमिनीवरून येणारं डिजिटल प्रक्षेपण ही वेगळी गोष्ट आहे. त्याच्या तंत्राला डीव्हीबी-टी२ म्हणतात. दूरदर्शनने फेब्रुवारी २०१६ मध्ये ते १६ शहरांत सुरू केलं. त्या यादीत महाराष्ट्रातली दोनच नावं होती, मुंबई आणि तेव्हाचं औरंगाबाद. पुणे नव्हतं. मुंबईचं प्रक्षेपण पुण्यात पकडण्याचा नाद तर नकोच. मध्ये अख्खा घाट उभा आहे. शिवाय जिथे ही सेवा सुरू झाली तिथेही अँटेन्यावर दूरदर्शनच्याच मोजक्या वाहिन्या आल्या, खासगी वाहिन्या नाहीत.

तरीही आपल्या घरापुरती शंका फेडून घ्यायची असेल तर एक पैसा न घालता तपासता येतं. टीव्हीच्या तपशिलात डीव्हीबी-टी२ लिहिलेलं आहे का ते बघा. नुसतं ‘एटीव्ही’ असेल तर तो ट्यूनर जुन्या अ‍ॅनालॉगचा आहे, तिथेच थांबा. टी२ असेल तर टीव्हीच्या आरएफ, म्हणजे अँटेन्याच्या, सॉकेटला शेजाऱ्यांकडून आणलेला अँटेना लावा, कोणताही चालेल, पण दांड्या फूटभर किंवा त्याहून आखूड असलेला बरा. हे डिजिटल प्रक्षेपण यूएचएफ पट्ट्यात असतं आणि लांब दांड्यांचे जुने अँटेने त्याच्या मापाचे नसतात. अँटेना नैर्ऋत्येच्या खिडकीशी धरा, मेनूत ‘केबल’ऐवजी ‘अँटेना’ निवडा आणि डिजिटल स्कॅन चालवा. वाहिनी मिळाली तर उत्तम. शून्य आलं तर त्याच खोलीत महागडा, बूस्टरवाला अँटेना आणून फरक पडत नाही. बूस्टर आलेला सिग्नल वाढवतो, नसलेला आणत नाही.

छत्रीवर काय मिळतं

दूरदर्शनची फुकट उपग्रह सेवा १६ डिसेंबर २००४ रोजी ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने सुरू झाली, तेव्हा त्यात ३३ वाहिन्या होत्या. आज तिचं नाव डीडी फ्री डिश. महिन्याचं भाडं नाही, रिचार्ज नाही, एकदा साहित्य घेतलं की संपलं. दूरदर्शनच्या वाहिन्या तर असतातच, म्हणजे आपली सह्याद्रीही. खासगी वाहिन्या प्रसार भारतीच्या लिलावात जागा विकत घेऊन येतात. बातम्या, जुने सिनेमे, भक्तिगीतं, मराठी-हिंदी मनोरंजन असं मिश्रण मिळतं. आकाशवाणीची केंद्रंही याच बॉक्सवर ऐकू येतात. ज्या घरात आजी-आजोबा दिवसभर टीव्हीसमोर असतात तिथे ही गोष्ट माझ्या दृष्टीने वाहिन्यांइतकीच मोलाची आहे.

जे मिळत नाही तेही नीट समजून घ्या. मोठ्या समूहांच्या नव्या मराठी मालिका, क्रिकेटचे बहुतेक सामने आणि बऱ्याचशा एचडी वाहिन्या इथे येणार नाहीत. घरात त्यावाचून चालणार नसेल तर फ्री डिश दुसऱ्या टीव्हीला लावा, पहिल्याचं रिचार्ज चालू ठेवा.

आधी आकाश बघा, मग बाजारात जा

फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर. पुण्यातून तो दिसतो खऱ्या उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने १३२ अंशांवर, म्हणजे जवळजवळ नेमका आग्नेयेला, आणि क्षितिजापासून ५९ अंश वर. पुण्यात होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत नगण्य फरक आहे, म्हणून मोबाइलमधलं होकायंत्र सरळ वापरा. फक्त लोखंडी ग्रिल, पत्रा आणि लिफ्टच्या खोलीपासून चार पावलं दूर उभे राहा, नाहीतर सुई वीस-तीस अंशांनी फसवते.

उंचीचा कोन मोजायला उपकरण लागत नाही. पुठ्ठ्याचा एक काटकोन त्रिकोण कापा, तळ १५ सेंटिमीटर, उभी बाजू २५ सेंटिमीटर. त्याची तिरपी बाजू बरोबर ५९ अंशांची होते. तळ पाण्याच्या पातळीसारखा सपाट धरा, तोंड १३२ अंशांकडे करा आणि तिरप्या कडेवरून वर बघा. कडेच्या रेषेत निळं आकाश दिसलं की जागा चालली. पाण्याची टाकी, शेजारची इमारत, झाड किंवा वरच्या मजल्याचा स्लॅब दिसला तर नाही.

याच त्रिकोणातून अडथळ्याचा हिशोबही निघतो. एखादी वस्तू छत्रीपेक्षा जितकी उंच, त्याच्या तीन-पंचमांश अंतरापलीकडे ती असली की आड येत नाही. टाकी १० फूट उंच असेल तर ६ फूट पुरतात, हात राखून ७ धरा. समोरची इमारत तुमच्या छत्रीपेक्षा दहा मजले, म्हणजे अंदाजे ३० मीटर उंच असेल, तरी ती १८ मीटरपलीकडे असली की चिंता नाही. पुण्याला हे फार सोयीचं आहे. पर्वती, तळजाई, वेताळ टेकडी, कात्रजचे डोंगर यांतलं काहीच या कोनात आड येत नाही. सदाशिव किंवा कसबा पेठेतल्या अरुंद बोळातल्या वाड्यालाही गच्ची असली की झालं. अँटेन्याला आडवी दृष्टिरेषा लागते आणि प्रत्येक टेकडी त्याच्या वाटेत येऊ शकते.

अडचण येते ती बाल्कनीवाल्यांची. बाणेर, बालेवाडी, वाकडच्या मोठ्या सोसायट्यांत गच्ची वापरायला मिळेलच असं नाही, आणि बाल्कनीवर वरच्या घराचा स्लॅब असतो. पुन्हा तोच त्रिकोण: स्लॅब छत्रीच्या मध्यापासून ५ फूट वर असेल, तर आग्नेयेच्या दिशेने मोजलेली स्लॅबची बाहेरची कड छत्रीपासून ३ फुटांच्या आत हवी. पूर्व, दक्षिण किंवा आग्नेयेची बाल्कनी असेल आणि छत्री कठड्याशी आणता येत असेल तर बहुधा जमतं. बाल्कनी पश्चिमेची किंवा उत्तरेची असेल तर जमत नाही, आणि कोणी तंत्रज्ञ ‘करून देतो’ म्हणाला तरी पैसे देऊ नका. सरकत्या काचेच्या आत छत्री ठेवणंही नको.

झाडांबद्दल विशेष सांगायला हवं. पुण्यातल्या जुन्या वस्त्यांत गुलमोहर आणि वर्षावृक्ष गच्चीच्या वर गेलेले असतात. उन्हाळ्यात पानं विरळ असताना बसवलेली छत्री झकास चालते, जुलैत पालवी दाट आणि ओली झाली की चित्र तुटायला लागतं, आणि लोक बॉक्सला दोष देतात. ओलं पान या लहरींना भिंतीसारखंच अडवतं. जागा निवडताना फांद्या पावसाळ्यात कुठवर येतील याचा विचार आजच करा.

सूर्यही मदत करतो. १२-१३ मार्चच्या आसपास सकाळी सव्वाअकराच्या सुमाराला, आणि १ ऑक्टोबरच्या आसपास अकराला थोडा वेळ कमी असताना, सूर्य पुण्यातून बघताना जवळजवळ नेमका या उपग्रहाच्या मागे येतो. त्या घटकेला गच्चीवर जिथे ऊन पडलेलं असतं तिथून उपग्रह दिसतो, जिथे सावली असते तिथून नाही. छत्री आधीच बसवलेली असेल तर याच दिवसांत या वेळी काही मिनिटं चित्र फुटतं. ते बिघाडाचं लक्षण नव्हे, तंत्रज्ञाला बोलावू नका.

काय विकत घ्यावं

बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत सगळा संच एका फेरीत मिळतो: छत्री, एलएनबी (छत्रीसमोर दांड्यावर बसणारा, सिग्नल पकडणारा भाग), बॉक्स, केबल आणि कनेक्टर मिळून साधारण दीड ते दोन हजार रुपये. बसवणाऱ्याची मजुरी वेगळी.

छत्री ६० सेंटिमीटरची चालते. मी मात्र जागा असेल तर ७५ ची सुचवतो. मुसळधार पावसात उपग्रहाकडून येणाऱ्या लहरी क्षीण होतात आणि मोठ्या छत्रीला तेवढी शिल्लक राहते. ढगफुटीसारख्या सरीत कोणतीच छत्री टिकत नाही, पण सर ओसरली की चित्र आपोआप परत येतं. रोजच्या रिमझिमीत चित्र जात असेल, तर दोष पावसाचा नसून छत्री नीट रोखलेली नाही.

एलएनबी ‘युनिव्हर्सल’ मागा, त्यावर ९७५०/१०६०० असे आकडे छापलेले असतात. बॉक्स एमपेग-४ चालवणाराच घ्या. एमपेग म्हणजे चित्र दाबून पाठवण्याची पद्धत. फ्री डिशवर काही वाहिन्या जुन्या एमपेग-२ मध्ये आणि काही एमपेग-४ मध्ये येतात. स्वस्तातला एमपेग-२ बॉक्स दुसऱ्या गटातल्या वाहिन्या दाखवतच नाही. पुष्कळांची ‘शेजाऱ्याकडे जास्त वाहिन्या दिसतात’ ही तक्रार एवढ्यानेच मिटते. टीव्हीच्या मागे स्क्रूचे आटे असलेलं सॅटेलाइट सॉकेट असेल आणि तपशिलात डीव्हीबी-एस२ (उपग्रहाचा ट्यूनर) लिहिलं असेल, तर छत्रीची केबल सरळ टीव्हीला लावून बघा. बॉक्सशिवाय भागलं तर एक रिमोट कमी होतो, आणि म्हाताऱ्या माणसांना दोन रिमोटचा गोंधळ खरोखर नकोसा असतो.

केबल आरजी-६, शक्यतो तांब्याच्या गाभ्याची. कनेक्टर पिळून बसवायचे ‘एफ’ प्रकारचे, बाहेरच्या जोडावर रबरी टोपी किंवा टेप.

बसवणं आणि रोखणं

ज्या नळीवर छत्री बसते ती नळी पाणसळ लावून दोन्ही बाजूंनी काटेकोर उभी करा. ती एक-दोन अंशांनी जरी कलली तरी पुढचे सगळे आकडे चुकतात, आणि बहुतेक तंत्रज्ञ नेमकी हीच पायरी घाईत उरकतात. भिंतीत अँकर फास्टनर वापरा. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला मात्र भोक पाडू नका. त्याऐवजी सिमेंटच्या ठोकळ्यावर स्टँड ठेवा. सोसायटीत वाद होतात ते छत्रीवरून कमी आणि गळतीवरून जास्त.

छत्री ऑफसेट प्रकारची असते, म्हणजे एलएनबी खालच्या दांड्यावर असतो. त्यामुळे ५९ अंशांवर बघणारी छत्री डोळ्यांना बरीच खाली, पस्तीस अंशांच्या आसपास कललेली वाटते. नवखा माणूस ती ‘आकाशाकडे’ करायला जातो आणि सिग्नल हरवतो. मागच्या ब्रॅकेटवर अंशांची पट्टी असेल तर ५९ लावा, पट्टीत हा फरक बहुधा धरलेला असतो.

आता एलएनबी. तो खुंटीसारखा सरळ बसवायचा नसतो. पुण्यातून हा उपग्रह बराच पूर्वेला असल्यामुळे एलएनबी त्याच्या क्लॅम्पमध्ये सुमारे ४५ अंश फिरवावा लागतो. छत्रीच्या मागे, उपग्रहाकडे तोंड करून उभे राहिलात तर घड्याळाच्या उलट दिशेने. तिथून सुरुवात करा, शेवटची अचूक जागा क्वालिटीचा पट्टा दाखवेल. क्लॅम्प सध्या ढिलाच ठेवा.

केबल जोडताना आणि काढताना बॉक्स बंद ठेवा. एलएनबीला लागणारी वीज, १३ किंवा १८ व्होल्ट, याच केबलमधून जाते आणि केबलची मधली तार तिच्या बाहेरच्या जाळीला टेकली तर बॉक्स निकामी होऊ शकतो. टीव्ही चालू करून बॉक्सच्या मेनूत ९३.५ पूर्व किंवा डीडी फ्री डिश निवडा आणि सिग्नलचे दोन पट्टे उघडा. स्ट्रेंथचा पट्टा एलएनबी जोडल्याबरोबर वर चढतो, छत्री जमिनीकडे असली तरी. त्याच्याकडे दुर्लक्ष करा. क्वालिटीचाच पट्टा खरा.

छत्री १३२ अंशांच्या दहाएक अंश डावीकडून सुरू करून उजवीकडे सरकवत न्या, केसभर सरकवायची आणि तीन-चार सेकंद थांबायचं, कारण बॉक्सला सिग्नल ओळखायला वेळ लागतो. पूर्ण फेरीत क्वालिटी उठली नाही तर उंची एक अंश बदलून पुन्हा. एक माणूस गच्चीवर, एक टीव्हीसमोर, मधे फोन चालू, हीच सगळ्यात चांगली पद्धत. क्वालिटी मिळाली की आधी डावं-उजवं, मग उंची, मग एलएनबीचा पीळ असं एकेक करून पट्टा जास्तीत जास्त वर न्या. नट आळीपाळीने थोडे थोडे आवळा. एकच बाजू घट्ट केली की छत्री अर्धा अंश सरकते. मग ब्लाइंड स्कॅन, म्हणजे बॉक्सला सगळ्या वाहिन्या आपणहून शोधायला लावणं. यादीत डीडी नॅशनल आणि सह्याद्री आली की उपग्रह बरोबर. भलत्याच, कुलूपबंद वाहिन्या आल्या तर तुम्ही शेजारच्या ९५ अंशांवर आहात. छत्री दोन अंश उजवीकडे घ्या.

रिचार्ज संपलेली जुनी छत्री

घरावर आधीची डीटीएच छत्री पडून असेल तर नवी घेऊ नका. ती भाड्याची नाही ना, एवढं कंपनीकडून विचारून घ्या. सन डायरेक्टची छत्री याच ९३.५ अंशांवर रोखलेली असते, तिला हातही लावायला नको. डिश टीव्हीची दोन अंश उजवीकडे आणि एक अंश वर. डीटूएचची दहा अंश डावीकडे, चार अंश खाली. टाटा प्लेची २१ अंश डावीकडे आणि सात अंश खाली. एअरटेलची सतरा अंश उजवीकडे आणि तेरा अंश वर. डावं-उजवं छत्रीच्या मागे, आकाशाकडे तोंड करून उभं राहिल्यावरचं. सन डायरेक्टची सोडली तर एलएनबीचा पीळही नव्याने लावावा लागेल.

दोन टीव्ही, एक छत्री

दोन आउटपुटचा ट्विन एलएनबी घ्या आणि प्रत्येक बॉक्सला स्वतंत्र केबल ओढा. केबल टीव्हीचा साधा स्प्लिटर इथे चालवू नका, तो उपग्रहाच्या सिग्नलसाठी आणि एलएनबीच्या विजेसाठी बनवलेला नसतो. बारा-सोळा घरांच्या सोसायटीने प्रत्येकाची वेगळी छत्री लावण्यापेक्षा गच्चीवर एक मोठी छत्री आणि मल्टिस्विच (एका छत्रीचा सिग्नल अनेक बॉक्सना वाटणारं उपकरण) बसवून घरोघर केबल द्यावी. सर्वसाधारण सभेत हा विषय मांडा, खर्च वाटून फारच थोडा येतो.

ज्यांना आग्नेयेचं आकाश कुठूनच दिसत नाही आणि सोसायटी गच्ची देत नाही, त्यांनी ब्रॉडबँड असेल तर प्रसार भारतीचं ‘वेव्ह्ज’ हे अ‍ॅप टीव्हीवर घ्यावं. नोव्हेंबर २०२४ मध्ये ते सुरू झालं आणि दूरदर्शनच्या वाहिन्या त्यावर थेट दिसतात. मात्र इंटरनेटचं बिल भरावं लागतं, म्हणून ते छत्रीसारखं पूर्ण फुकट नव्हे.

एकदा छत्री लागली की वर्षातून दोनच कामं उरतात. पावसाळ्याआधी नट आणि बाहेरचे जोड तपासा, केबल घरात शिरण्याआधी तिला खाली झोळ दिलेला आहे ना ते बघा, नाहीतर पाणी तिच्यावरून थेट भिंतीत उतरतं. आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा एकदा स्कॅन करा. लिलावातल्या जागा १ एप्रिल ते ३१ मार्च अशा दिल्या जातात, म्हणून तेव्हा काही वाहिन्या जातात आणि काही नव्या येतात. जुन्या यादीत त्या दिसत नाहीत.